जमीन मुलांच्या नावावर करायची घाई कशाला?

प्रश्न : माझं वय ७४. दोन एकर बागायत स्वतःच्या कमाईतून घेतलेली आहे, त्यात ऊस असतो. थोरला मुलगा पुण्याला नोकरीत, धाकटा गावी शेती बघतो. दोघांचंही म्हणणं, ‘आत्ताच आमच्या नावावर करा, मागाहून वारसनोंदीचा घोळ नको.’ बक्षीसपत्र करावं का?
— एक वाचक, ता. कराड

उत्तर : करू नका, मृत्युपत्र करा. मुलांना शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा), म्हणून हा मार्ग स्वस्तातला वाटतो. पण नोंदणी झाली, फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावरून तुमचं नाव जातं. पुढच्या हंगामाची ऊसनोंद मुलाच्या नावावर होते आणि कारखान्याचं बिलही त्याच्याच खात्यावर पडतं. मुलगा वाईट असावा लागत नाही. औषधाला पैसे मागायची वेळ इथूनच सुरू होते.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही आणि जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं. दोन साक्षीदारांच्या देखत सही करा. ज्यांना वाटा मिळणार त्यांना किंवा त्यांच्या बायकांना साक्षीला घेऊ नका, आणि ‘मानसिक स्थिती ठीक आहे’ असा डॉक्टरांचा त्याच तारखेचा दाखला जोडा. भांडणं बहुतेक याच दोन जागी पेटतात. जमीन वडिलोपार्जित असती, तर मृत्युपत्र तुमच्या हिश्श्यापुरतंच चाललं असतं. २००५ पासून मुलीही बरोबरीच्या वाटेकरी आहेत.

तरीही बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर अट दस्तातच घाला : ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांच्या पत्नी यांना तहहयात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार पुरवावयाचे असून, त्यात कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.’ नुसतं ‘प्रेमापोटी देत आहे’ असं लिहिलेला दस्त पुढे अडचणीत आणतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली असा व्यवहार रद्द करून घेता येतो, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं, की अट होती हे आधी सिद्ध झालं पाहिजे. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. तिथे मुलाने सांभाळाचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. म्हणजे शेवटी कागदच उपयोगी पडला.

याच कायद्याखाली मुलांकडून पोटगी मागायचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. निकाल ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत द्यावा असं कायदा सांगतो. त्यावर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

प्रश्न : सासूबाई खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर आहेत. सगळं मी करते. दीर पैसे पाठवतात आणि हिशेब मागतात. नणंदेचं म्हणणं, ‘मी माहेरची, माझा संबंध नाही.’
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी नणंदेचं. २००७ च्या कायद्यात ‘अपत्य’ म्हणजे मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं. सुनेचं नाव त्यात नाही. जबाबदारी नणंदेची आहेच, तुमची मात्र कायद्याने नाही. हे घरात एकदा मोठ्याने बोललं जाऊ द्या.

पैशांसाठी सासूबाईंच्या नावाने वेगळं खातं ठेवा. पहिलं नाव त्यांचं, दुसरं तुमच्या यजमानांचं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो’ या पद्धतीने. भावंडांनी ठरावीक तारखेला त्यात पैसे टाकायचे, खर्च त्यातूनच करायचा. बँकेचा उतारा हाच हिशेब, वहीची गरज नाही. अंदाज काढताना लोक औषधं धरतात आणि रोजचं विसरतात : डायपर दिवसाला ३ म्हणजे महिन्याला ९०, शिवाय हातमोजे, अंडरपॅड, फिजिओथेरपी, रुग्ण सांभाळणाऱ्या मावशींचा पगार, त्यांच्या सुट्टीला बदली बाई. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, एअर बेड घेतला तरी. रात्री तीनदा उठणारं माणूस दिवसा गळून जातं आणि माकडहाडावरचा लाल डाग, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात, नजरेतून सुटतो. म्हणून रात्रीची मावशी ही चैन नव्हे, तिचा खर्च पहिल्या यादीतच धरा. पैसे देता येत नसतील त्या भावंडाने महिन्यातले चार दिवस येऊन राहावं.

प्रश्न : आईचे ९ लाख एका नागरी बँकेत, ४ लाख गावातल्या पतसंस्थेत आहेत. हलवावेत का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : हलवा. ठेवींना विमा दर बँकेमागे ५ लाखांपर्यंत, तोही सगळ्या शाखा आणि व्याज मिळून. पतसंस्थेला हा विमा नाही. सांगलीतली वसंतदादा शेतकरी बँक किंवा कराड जनता बँक या बुडालेल्या बँकांच्या ठेवीदारांनी काय सोसलं, हे या भागात वेगळं सांगायला नको. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला मिळतं. मात्र पाच वर्षांच्या आत पैसे काढल्यास कपात होते, त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यातच असू द्या. मुदत ठेवी आधी तारखेनुसार लावून घ्या. जी आधी संपते ती आधी हलवा, नाहीतर मुदतीआधी मोडल्याचा दंड बसेल.