डिस्कव्हरीला 'शोध' म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आला आहे: "ऑस्ट्रेलियातल्या एका सॉफ्टवेअर-कॉपीराइटच्या वादाबद्दल मराठीत वाचत होतो. त्यात 'न्यायालयाने प्राथमिक शोधाचा आदेश दिला' असं वाक्य आलं. हा शोध कसला? त्याऐवजी 'प्राथमिक तपास' म्हटलं तर चालेल का?"

शोध कसलाही नाही. 'प्रिलिमिनरी डिस्कव्हरी' हे शब्द कुणीतरी भाषांतराच्या यंत्रात टाकले आणि जे बाहेर पडलं ते तसंच छापलं. गेली काही वर्षं हा 'शोध' इतक्यांदा कानावर आदळतोय की आता राग यायचाही कंटाळा येतो. कोलंबसचा आणि पेनिसिलिनचा शोध सगळ्यांना ठाऊक आहे, तो बाजूला ठेवू.

आधी प्रकरण काय असतं ते बघा. सिडनीत ऑप्टिव्हर नावाची ऑप्शन्सचे सौदे करणारी कंपनी आहे. तिथली काही माणसं बाहेर पडली आणि टिब्रा ही त्याच धंद्यातली कंपनी उभी राहिली. आपला सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, तिकडे गेला, असा ऑप्टिव्हरला संशय. पण दावा लावायचा कशाच्या जोरावर? चोरून छापलेलं पुस्तक बाजारातून विकत आणता येतं आणि मूळ पुस्तकाशेजारी ठेवून ओळ न ओळ ताडता येते. सौदे करणारं सॉफ्टवेअर दुकानात मिळत नाही. त्याचा कोड समोरच्याच्या सर्व्हरवर असतो आणि तो बघायला मिळाल्याशिवाय नक्कल झाली की नाही हे सांगताच येत नाही. अशा वेळी समोरच्याने आपल्याकडचे कागद दाखवावेत असा अर्ज तिथल्या फेडरल कोर्टात दाव्याच्या आधीच करता येतो; हीच प्रिलिमिनरी डिस्कव्हरी. आपल्याला दाद मागण्याचा हक्क असू शकतो असं मानायला रास्त कारण आहे, शक्य ती चौकशी करूनही दावा लावायचा की नाही हे ठरवण्याइतकी माहिती हाती आलेली नाही, आणि ती देतील असे कागद समोरच्याकडे असावेत, एवढं दाखवावं लागतं. कॉपी झाली हे सिद्ध करावं लागत नाही, ते पुढे दाव्यात. ऑप्टिव्हरचं प्रकरण अपिलात गेलं आणि 2008 मध्ये पूर्ण पीठाने तिच्या बाजूने कौल दिला. आज ही तरतूद तिथल्या 2011 च्या नियमावलीत 7.23 या क्रमांकाखाली आहे.

आता यात शोधतं कोण? अर्जदार तर हात बांधून बसलेला. काम समोरच्याने करायचं: स्वतःच्या फडताळावरचं झाकण स्वतःच्या हाताने काढायचं. आणि 'डिस्कव्हर'चा मूळ अर्थ नेमका तोच आहे, झाकण काढणे. बुद्धिबळात मधलं मोहरं सरकलं की मागे दडलेल्या हत्तीचा शह लागतो, त्याला इंग्रजीत 'डिस्कव्हर्ड चेक' म्हणतात. तिथेही कुणी काही शोधलेलं नसतं.

खरी गंमत पुढे आहे. 'कव्हर' आलं लॅटिन 'कोओपेरीरे'वरून. त्यातल्या 'ओपेरीरे'चा, म्हणजे झाकण्याचा, धातू आणि आपला संस्कृत 'वृ' हे सख्खे भाऊ. आवरण, आवृत, प्रावरण ही सगळी त्याच 'वृ'ची प्रजा. लॅटिनमध्ये याचं उलट रूप 'अपेरीरे', म्हणजे उघडणे. कॅमेऱ्याचं ॲपर्चर त्यातून निघालं. आणि ईशावास्य उपनिषदात सोन्याच्या पात्राने सत्याचं तोंड झाकलंय, ते तू दूर कर असं पूषन् देवाला सांगताना ऋषी कुठला शब्द वापरतो? 'अपावृणु'. अप अधिक वृ! म्हणजे सत्यावरचं झाकण काढण्याचा अर्ज आपल्याकडे केव्हाच दाखल होऊन गेलाय, फक्त कोर्ट वेगळं. या न्यायाने डिस्कव्हरीला अक्षरशः जुळणारा शब्द 'अनावरण'. पण तो मंत्र्यांनी पुतळ्यांसाठी अडकवून ठेवला आहे, पडद्याच्या दोरीसकट. म्हणून मी 'उघडणी' म्हणतो. मोजणी, पाहणी, छाननी जिभेवर बसल्या, तशी उघडणीही बसेल.

यावर 'प्रकटीकरण'वाले धावून येतात. त्यांना माझं सांगणं एवढंच की प्रकट देव होतात, आपल्या मर्जीने. इथे मर्जीचा संबंध नाही, डोक्यावर कोर्टाचा हुकूम आहे. शिवाय इंग्लंडने 1999 पासून आपल्या दिवाणी नियमांत 'डिस्कव्हरी' टाकून 'डिस्क्लोजर' घेतलं. तिकडचं भाषांतर करताना खुशाल प्रकटीकरण लिहा. ऑस्ट्रेलियाने जुना शब्द ठेवलाय, तो ठेवू द्या की. दोन्हींना एकच शब्द वापरायचा आणि वर 'परिभाषा निश्चित आहे' म्हणून ऐट मिरवायची, ही कोशकारी मला पटत नाही.

'शोध'चंही एक सांगून टाकतो. त्याचा धातू 'शुध्', म्हणजे साफ करणे. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत 'शोधली' ती हरवली होती म्हणून नव्हे. पाठांतरात शिरलेला अबद्धपणा त्यांनी काढून टाकला. तेव्हा 'कोर्टाने कोड शोधायला सांगितला' हे जुन्या मराठीत वाचलं तर कोर्टाने त्यातले बग काढायला सांगितले असा अर्थ होईल! टिब्राने ते आनंदाने केलं असतं.

राहिलं 'प्राथमिक'. 'प्रिलिमिनरी'त 'लिमेन' आहे, म्हणजे उंबरठा. दाव्याचा उंबरठा ओलांडण्याआधीचं ते प्रिलिमिनरी, त्यामुळे इथे 'दावापूर्व' लिहा. प्राथमिक म्हटलं की पुढे माध्यमिक येणार असं वाटतं.

आपल्याकडच्या बातमीत मात्र हा शब्द जपून वापरा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अकराव्या आदेशातली डिस्कव्हरी दावा दाखल झाल्यावरची आहे. इथे सॉफ्टवेअरच्या चोरीत बहुधा दाव्याबरोबरच अर्ज होतो, कोर्ट लोकल कमिशनर नेमतं आणि तो आगाऊ न कळवता समोरच्याच्या ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर तपासतो. ऑटोकॅड हे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या ऑटोडेस्कच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2008 मध्ये अशा नेमणुकांसाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. तिथे झाकण कमिशनर काढतो, म्हणून त्याला उघडणी म्हणू नका; 'पाहणी' म्हणा, फार तर 'झडती'.

आणि हो, 'तपास' चालणार नाही. तपास म्हटलं की वाचकाला पोलीस दिसतात, आणि या अर्जात पोलीस कुठेच नाहीत.