फणस आण, मटण नको

चि. दिग्दर्शिकाबाईंस,
अ. उ. आ.

परवा तू विचारलंस, नरभक्षकाच्या जेवणाच्या प्रसंगाला खरं मटण, खरी आतडी आणू का? नटीला न सांगता ताट पुढे सरकवलं तर किंचाळी 'खरी' येईल ना? मी चहा अर्धा टाकून उठलो. राग तुझा कमी, माझाच जास्त आला होता.

अगं, सिनेमात सगळं खोटंच हवं. 'सायको'तलं (१९६०) रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. सुरीचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढलेला. १९७४ च्या 'टेक्सस चेनसॉ मॅसॅकर'मधला तो करवतवाला एड गीन या खऱ्या खुन्यावरून सुचला म्हणतात, पण गीनने माणसं खाल्ल्याचं कधी सिद्धच झालं नाही. खाणंसुद्धा पटकथेतलं! आणि परत बघ, रक्त किती कमी आहे त्यात.

'कॅनिबल होलोकॉस्ट'च्या (१९८०) दिग्दर्शकाला आपले नट जिवंत आहेत हे इटलीत सिद्ध करावं लागलं, हे मोठ्या कौतुकाने सांगितलंस. त्यात कासव खरंच मारलंय, ते बरं विसरलीस. मी बघितला तेव्हा पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही. कासवच दिसत राहिलं.

आमच्या एका शूटिंगला कोंबडी कापायची होती. आर्ट माझ्याकडे. रबराची करायला दोन दिवस मागितले, मिळाले नाहीत, मी खरी आणली. चार टेक, चार कोंबड्या. तेव्हा सगळेच तसं करायचे, रात्री युनिटने रस्सा केला, वाया काही गेलं नाही, असं अजून स्वतःला सांगतो. शॉट संकलनात उडाला.

म्हणून पुन्हा सांगतो, खोटं कर. नीट, मेहनतीने खोटं. मंडईतून कच्चा फणस आण. उकड, धागे सोडव, बीटच्या पाण्यात मुरव, वरून तूप चोपड, दिव्याखाली चकाकतं. सातव्या टेकलाही पोरीला खाता येईल. मटण तासाभरात वास सोडतं, मग कसला अभिनय! आणि तिला आधी सगळं दाखव, हात लावू दे. फसवून काढलेली किंचाळी एकदाच मिळते. फोकस चुकला तर काय करशील? किंचाळणं हे तिचं काम आहे, तिला येतं ते.

रविवारी सकाळी ये. फणस मी आणतो, हाताला लावायला तेल आहे घरात. विळी तेवढी आईकडून माग, आमची बोथट झालीय.

काका