दारू आणि मांसाहार दोन्ही वर्ज्य असूनही फॅटी लिव्हर झाले असेल, तर आहारात नेमके काय बदलावे?

आपले वय ४४ आणि वजन ८२ किलो आहे, मद्य आणि मांसाहार दोन्ही वर्ज्य आहेत, तरीही सोनोग्राफीच्या अहवालात ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असा शेरा आला, असे आपण लिहिले आहे. तेव्हापासून आपण तेल-तूप जवळजवळ बंद केले आहे आणि यकृत शुद्ध करणारा म्हणून विकला जाणारा एक काढाही सुरू केला आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा अहवाल घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी पहिली कुऱ्हाड तेलावरच चालवलेली असते. गोड चहा, भात आणि फरसाण मात्र पूर्वीइतकेच चालू असते.

यकृतातील चरबीचा उगम शोधणारा एक छोटा पण महत्त्वाचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांच्या यकृतात साठलेल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के भाग शरीरातील मेदातून रक्तावाटे आलेला होता, सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः, मुख्यतः साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून, तयार केलेला होता आणि आहारातील स्निग्ध पदार्थांचा थेट वाटा १५ टक्क्यांच्या आसपास होता. त्यामुळे तेल मोजून वापरणे योग्यच आहे, पण ते बंद करून पोट भरण्यासाठी आणखी एक वाटी भात घेतला, तर हाती काही लागणार नाही.

साखरेचा हिशेब आधी चहापासून करावा. एका कपात दोन लहान चमचे म्हणजे साधारण ८ ते १० ग्रॅम साखर जाते आणि दिवसाचे चार कप झाले की ती ३२-४० ग्रॅमपर्यंत पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, आणि त्यात बिस्किटे, शीतपेये व गाळलेले फळांचे रसही धरायचे असतात. गूळ आणि मधालाही यात सूट नाही, हे ऐकून बरेच जण नाराज होतात. उपवास हा दुसरा विषय: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू खाऊन केलेला उपवास यकृताला विश्रांती देत नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. रोजच्या जेवणात मटकी, मूग, चवळी किंवा हुलग्याची उसळ दोन्ही वेळा असावी, भाजी आणि कोशिंबीर वाढवावी, आणि भाकरी किंवा भात यांपैकी एकच घ्यावे. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या नव्हेत.

सर्वांत मोठा फरक मात्र वजनाने पडतो. शरीराचे वजन ५ टक्क्यांनी उतरले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्क्यांनी उतरल्यास सूजही कमी होण्याची चांगली शक्यता असते. आपल्या बाबतीत हे ६ ते ८ किलो होतात. ते आठवड्याला अर्धा, फार तर एक किलो या गतीने उतरवावे, कारण उपाशी राहून झपाट्याने वजन घटवल्यास यकृताला उलट इजा होऊ शकते. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम ठेवावेत. वजनकाटा हलला नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातील चरबी कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

काढ्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो बंद करावा आणि त्याची बाटली आपल्या डॉक्टरांना दाखवावी. यकृत बाहेरून धुऊन काढण्याची गरज नसते, आणि प्रत्येक वनस्पती निरुपद्रवी असते असेही नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, पण चरबी आधीच साठलेल्या यकृतावर असा प्रयोग करण्याचे काहीच कारण मला दिसत नाही. त्यापेक्षा बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर ती खुशाल प्यावी. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताच्या गंभीर आजाराचे प्रमाण कमी आढळते.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना अवश्य विचारावी. सोनोग्राफीतील ग्रेड चरबीचा अंदाज देते. यकृतात व्रण, म्हणजे इजेनंतर मागे राहणारे वण, किती पडले आहेत, हे ती सांगत नाही. वय, एसजीओटी व एसजीपीटी (रक्ततपासणीत मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून ‘फिब-४’ हा निर्देशांक काढता येतो. तो १.३ पेक्षा कमी असेल, तर गंभीर व्रणांची शक्यता कमी असते. जास्त आल्यास बहुधा फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, सुचवतात. एसजीपीटी सामान्य आहे म्हणून निर्धास्त राहू नये, आणि मधुमेहाची तपासणी झाली नसेल तर तीही याच वेळी करून घ्यावी. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असल्यास फॅटी लिव्हरच्या भीतीने ती स्वतःहून थांबवू नये. अशा रुग्णांना ती सर्वसाधारणपणे सुरक्षितपणे देता येते.