योगदान नको, फेरफार म्हणा

लातूरहून एका विद्यार्थिनीनं विचारलंय: ‘खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची माहितीपुस्तिका आम्ही मराठीत करतोय. पाठवलेल्या बदलाला, म्हणजे कॉन्ट्रिब्यूशनला, योगदान आणि ‘तो कोडमध्ये घ्या’ अशा पुल रिक्वेस्टला ओढविनंती चालेल का? बदलाच्या शीर्षकाआधी फीट, फिक्स, चोअर, डॉक्स अशी लेबलं लावतात, त्यांना काय म्हणावं?’

ओढविनंती वाचून मला विहिरीतला पोहरा आठवला. ती सोडा. योगदान मात्र सोडवत नाही. हल्ली कुणाचंही कशातही योगदान असतं. परवा एका सत्कारात मांडववाल्याचंही ‘मोलाचं योगदान’ निघालं. त्या बिचाऱ्याचं बिल तेवढं बाकी होतं. तर मंडळी, मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, १६५व्या श्लोकात ‘योगदानप्रतिग्रहम्’ आलंय. तिथं योग म्हणजे कपट. कपटाचं गहाण, कपटाची विक्री, कपटाचं दान आणि ते घेणं, असं दिसलं तर काय करावं? ‘तत्सर्वं विनिवर्तयेत्’. सगळं मागं फिरवावं! गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, वापरणाऱ्यांनी ते क्रियापद पुन्हा वाचावं. केलेला बदल मागं घेण्याला, म्हणजे रिव्हर्टला, याहून नेमकं मला सापडलेलं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फायली आवळून लहान करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं प्रकरण उघडकीला आलं. दोनेक वर्षं इमानानं काम करून विश्वास कमावायचा आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवायचा, हे अस्सल मनूच्या अर्थाचं योगदान. (शब्दाचे अर्थ बदलतात, हे मलाही ठाऊक आहे. कळवू नये.)

मग म्हणायचं काय? फेरफार. सातबारा ज्याच्या घरात आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद धरतो, चावडीवर प्रत लावतो, संबंधितांना नोटीस काढतो. हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्याला अंमल बसतो. पुल रिक्वेस्ट, रिव्ह्यू म्हणजे तपासणी, मर्ज म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळणं, सगळं यात आलं. मर्जला ‘विलीनीकरण’ कशाला, ‘अंमल दिला’ म्हणा की! आमच्या शेताच्या जुन्या उताऱ्यावर आजोबांच्या नावाला आळं आहे, म्हणजे नाव कंसात घातलंय. खोडलेलं नाही. शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर. तो नंबर धरून वही काढली की नाव कधी, कशानं गेलं ते कळतं. कोडची ओळ कुणी, कधी बदलली ते सांगणारं गिट ब्लेम आणखी काय करतं?

पुण्याचे एक कोशप्रेमी स्नेही म्हणतात, फेरफाराला लबाडीचा वास येतो, ‘हिशेबात फेरफार’ म्हणतात तसा. त्यांनी आयुष्यात तलाठ्याची पायरी चढलेली नाही, एवढंच यावरून सिद्ध होतं. अंबाजोगाईच्या बसस्टँडवर ‘फेरफार झाला का?’ असं विचारलं तर कुणी दचकत नाही, उलट ‘कुठं हो, अजून नोटीसच निघंना’ असं ऐकू येतं. हेच स्नेही ‘फार’ला फारसीत शोधतात. अहो, ठीकठाक, चूपचाप, धूमधाम यांत दुसऱ्या पदाला जसा आकार लागलाय तसाच इथं लागलाय. फेरचाच पडसाद तो. त्याचा ना पुष्कळशी संबंध, ना इराणशी.

आणखी एक. लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, नियम असा की पॅचचं, म्हणजे पाठवलेल्या बदलाचं, वर्णन आज्ञार्थात लिहावं, कोडला हुकूम सोडल्यासारखं. मराठीत ‘गळती बुजव’ असं लिहिलं तर तो हुकूम कोडला की वाचणाऱ्याला, हेच कळत नाही. तलाठी लिहितो तसं लिहा: ‘वारसाची नोंद घेतली’, ‘बोजा कमी केला’.

हो, लेबलं राहिलीच. त्यांना ‘प्रकार’ म्हणा. प्रत्येक फेरफाराला प्रकार असतोच: वारस, खरेदी, वाटणी, बक्षीसपत्र, बोजा. तसंच इथं फिक्सला दुरुस्ती, फीटला नवी सोय, डॉक्सला कागदपत्रं. चोअरला माझी आई म्हणायची तो शब्द आहे, झाडलोट. ‘झाडलोट: जुन्या फायली काढल्या.’ पुस्तिका झाली की मला एक प्रत पाठवा. योगदान दिसलं तर विनिवर्तयेत्.