मे महिन्यात शेअर विकून दिवाळीला परत घ्यावेत का? मजूर गावी जातात त्याचा बाजाराशी काही संबंध आहे का?

मी कोपरखैरण्यात राहतो, बांधकाम मटेरियल सप्लायचा धंदा आहे आणि थोडे शेअर्स पण घेतो. संबंध आहे, पण त्यावर पैसे कमवता येतील असा नाही.

मजुरांचा सीझन एकदम खरा. मे संपत आला की सकाळी नाक्यावरची गर्दी विरळ व्हायला लागते, जालना-वाशिमकडचे लोक पेरणीला जातात, यूपी-बिहारवाले होळीला नाहीतर छठला जातात, आणि भिवंडीकडच्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात त्या पाऊस यायच्या आत बंद. त्यात पावसात खोदाई, स्लॅब सगळंच रखडतं, म्हणून सिमेंट कंपन्यांची जुलै-सप्टेंबर तिमाही बहुतेक वेळा ढिली असते. पण हे बाजारात सगळ्यांनाच माहीत असतं हो, भावात ते आधीच धरलेलं असतं. रिझल्ट बघताना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडून बघा, आधीच्या तिमाहीशी नको.

मे मध्ये विका ही म्हण परदेशातली. बाउमन आणि जेकबसन या दोघांनी २००२ साली ३७ देशांचा अभ्यास छापला, ३६ देशांत नोव्हेंबर-एप्रिलचा परतावा मे-ऑक्टोबरपेक्षा जास्त निघाला. पण ती झाली सरासरी. २०२० घ्या, २३ मार्चला, म्हणजे 'चांगल्या' सीझनमध्येच, सेन्सेक्स एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला, आणि एप्रिलअखेर ३३ हजारांच्या वर होता तो ऑक्टोबरअखेर ३९ हजारांच्या वर गेला. विकून बसलेल्याची ती सगळी तेजी गेली. वर दरवर्षी विकलं की वर्षाच्या आतल्या नफ्यावर आता २० टक्के टॅक्स.

त्याच २०२० च्या मे मध्ये ठाण्यातून नाशिक हायवेने बायकापोरं घेऊन चालत निघालेली माणसं आठवतात ना? आपण शेअर विकायचा की ठेवायचा ते ठरवू शकतो, त्यांना सीझन निवडता येत नाही. भट्टीवरची कातकरी कुटुंबं पावसाळ्यात उचल घेतात आणि मग पूर्ण सीझन ती फेडण्यात जातो, मला हे फार लागतं.

तुम्ही घरी काम काढलं असेल तर मजुरांचा हिशोब मे मध्येच पूर्ण करा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका, बियाणं आणि खत त्यांना तेव्हाच घ्यायचं असतं.