'की'च्या पुढचा 'मी' नेमका कोण?

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. साहेब तुम्हाला म्हणाले, "मी उद्या फाइल पाठवतो." तुम्ही क्लायंटला मेल केली, 'सर सेड दॅट आय विल सेंड द फाइल टुमारो.' दुसऱ्या दिवशी क्लायंट फाइल तुमच्याकडेच मागायला लागला, साहेबांनी हात वर केले, आणि आता तुम्ही विचारताय की तो 'दॅट' गाळायला हवा होता का. अहो, 'दॅट' बिचारा निर्दोष आहे. गाळून बघा: 'सर सेड आय विल सेंड'. फाइल अजूनही तुमच्याच गळ्यात!

गोची आपल्या 'की'ची आहे. मराठीतला 'की' म्हणजे जवळजवळ अवतरणचिन्हच. त्याच्या पुढे समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं तरी चालतं. 'तो म्हणाला की मी येतो' यात येणार तोच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. 'उद्या येतो म्हणाला' यात तर 'की'सुद्धा लागत नाही. इंग्रजीत मात्र 'दॅट'च्या पुढचा 'आय' म्हणजे लिहिणारा, दुसरा कोणी नाही.

आधीच सांगते, मी इंग्रजीची शिक्षिका नाही. बावीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली, पत्रं खूप लिहिली. तेव्हा व्याकरणाच्या जाणकारांनी खाली येऊन कान उपटायला हरकत नाही. पण ही चूक मला इतकी महागात पडली आहे की गप्प बसवत नाही.

आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदात नावाचं एक अक्षर चुकलं होतं. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या कारकुनाने प्रामाणिकपणे कबूल केलं, "मॅडम, चूक माझी आहे, पण आता मी दुरुस्त करू शकत नाही, वर अर्ज द्या." मी घरी येऊन वर अर्ज लिहिला, तोही इंग्रजीत, कारण शेजारचे काका म्हणाले की इंग्रजीत दिलं की वजन पडतं. वाक्य अजून पाठ आहे: 'द क्लार्क टोल्ड मी दॅट द मिस्टेक इज माइन अँड नाऊ आय कॅनॉट करेक्ट इट.' मनातल्या मनात मराठी वाचत होते, त्यामुळे तीनदा तपासूनही काही खटकलं नाही.

दीड महिन्याने उत्तर आलं. त्याचा मथितार्थ असा, की चूक आपलीच असल्याचे आपण स्वतःच लेखी मान्य केले आहे, सबब प्रतिज्ञापत्रासह नव्याने अर्ज करावा. मी तावातावाने गेले. खिडकीतल्या बाईंनी माझाच अर्ज माझ्यासमोर धरला आणि 'माइन' या शब्दावर पेन टेकवलं. बोलल्या काहीच नाहीत. 'द मिस्टेक वॉज हिज अँड ही कुड नॉट करेक्ट इट' एवढंच लिहायचं होतं हो! पुढचे सात महिने प्रतिज्ञापत्र, साक्षांकित प्रती, 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. आणि सगळ्यात चीड कशाची येते सांगू? कार्यालय राज्य शासनाचं होतं. १९६४चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आहे, अर्ज मराठीत सहज देता आला असता. तेव्हा जिथे मराठी चालते तिथे मराठीतच लिहा. वजनबिजन काही पडत नाही.

शाळेत हे शिकवलं नव्हतं असं नाही. 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये एका मार्काला डायरेक्ट-इनडायरेक्ट यायचंच. पण आम्ही ते गणितासारखं केलं: 'टुमारो' दिसलं की 'द नेक्स्ट डे'. हा 'आय' कोणाचा, हे कोणी विचारलंच नाही. खरं तर त्याच दिवशी मेल जाणार असेल तर 'टुमारो' तसाच ठेवला तरी चालतो. मी मात्र सरळ तारीख लिहिते. मेल कधी उघडली जाईल याचा काय भरवसा.

आता तुमचा मूळ प्रश्न, 'दॅट' कधी गाळायचा. 'सेड', 'थिंक', 'नो' (माहीत असणे) यांच्या मागून खुशाल गाळा. 'स्टेट', 'पॉइंट आउट', 'प्रपोज' असल्या भारदस्त क्रियापदांनंतर ठेवा. माझं मत विचाराल तर कार्यालयीन पत्रात नेहमीच ठेवा, विशेषतः मध्ये दिवस किंवा वेळ येत असेल तर. 'ही सेड ऑन मंडे द फॉर्म वॉज रिजेक्टेड' यात सोमवारी काय झालं, बोलणं की फॉर्म फेटाळणं? 'सेड ऑन मंडे दॅट' लिहिलं तर सोमवारी बोलला, 'सेड दॅट ऑन मंडे' लिहिलं तर फॉर्म सोमवारी फेटाळला गेला. अपिलाची मुदत दिवसांवर मोजतात, तिथे हा फरक भोवतो. असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकातही बातमीदारांना हेच सांगितलेलं आहे, म्हणजे हे माझ्या पदरचं नाही.

विषय निघालाच आहे तर आणखी एक, कारण यात माझ्या भाच्याची नोकरी जाता जाता वाचली. आपण सर्रास म्हणतो, 'मला डाउट आहे की त्यानेच पैसे घेतले.' म्हणजे संशय त्याच्यावर. इंग्रजीत 'आय डाउट दॅट ही टुक द मनी' म्हणजे बरोबर उलटं, त्याने घेतले असतील असं मला वाटत नाही! संशय घ्यायचा तर 'आय सस्पेक्ट दॅट'. भाच्याने चौकशीच्या जबाबात 'डाउट' लिहिलं, आणि मग तोंडी भलतंच कसं बोलतोस म्हणून त्यालाच धारेवर धरलं.

बाकी 'टोल्ड'ला माणूस लागतो, 'सेड'ला नाही ('टोल्ड मी दॅट', पण 'सेड दॅट'), आणि 'आस्क्ड दॅट व्हेअर' हे 'विचारलं की कुठे'चं थेट भाषांतर आहे, तिथला 'दॅट' मात्र उडवाच. हे तुम्हाला माहीत असेलच.

तुमच्या प्रकरणात आता खुलासे देत बसू नका. 'सर हॅज कन्फर्म्ड दॅट ही विल सेंड द फाइल', पुढे तारीख, बस्स. पण आधी त्यांना खरंच विचारा, आणि मेलच्या सीसीत त्यांना ठेवायला विसरू नका.