लिव्हर मोज

प्रिय पोरी,

तुझी मेल रात्री दोनदा वाचली. चमकणारा रंग लावलेले तुझे नॅनोकण उंदराला टोचलेस, ट्यूमर चमकतोय, पण लिव्हर त्याहून जास्त चमकतंय. आणि तुझे गाइड म्हणतात, चित्रात ट्यूमरच घेऊ. तू विचारतेस, विषय बदलू का? विषय कसला बदलतेस! लिव्हर मोज.

टोरांटोतल्या एका गटाने २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले पेपर चाळले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी ट्यूमरपर्यंत पोचले ते मध्यकाने ०.७ टक्के. शंभर रुपयांतले सत्तर पैसे! उरलेल्या पैशांचा हिशेब देता येत नसेल, तर ‘टार्गेटेड’, म्हणजे नेमका ट्यूमरवर जाणारा, हा शब्द शीर्षकात घालू नये.

मी घातला होता. माझ्या कणांवरचा रंग सुटत होता. सुटा रंग गाळून काढायच्या डायलिसिसच्या पिशवीबाहेरचं पाणी तिसऱ्या दिवशीही निळसर दिसायचं आणि मी ते मुकाट बेसिनमध्ये ओतायचो. उंदरात चमकला तो बराचसा सुटा रंग. पेपर छापून आला, नोकरीही लागली. तेव्हा फ्लोरोमीटर, म्हणजे चमक मोजायचं यंत्र, आठवड्यातून अर्धा दिवस मिळायचा, लिव्हर मोजायला वेळ कुठून आणणार, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. लिव्हर फ्रीजरमध्येच होतं. लेबल लावून.

आणि लिव्हरला शत्रू का समजतेस? २०१८ साली मंजूर झालेलं पाटिसिरान हे औषध बघ, ते मेदाच्या नॅनोकणांत भरून देतात. रक्तात गेल्यावर त्याच्या मेदकणांवर अपोलिपोप्रोटीन ई हे रक्तातलं प्रथिन चिकटतं आणि लिव्हरच्या पेशी त्यांना आपणहून आत ओढतात. हे औषध ज्या बिघडलेल्या प्रथिनाला रोखतं, ते तयार होतं तेही मुख्यतः तिथेच. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या बाळाची जनुकदुरुस्ती झाली, तीही मेदकणांतून, लिव्हरमध्येच. तुझे कण तिथे जात असतील तर कुठल्या पेशींत जातात ते बघ. कुप्फर पेशींनी, म्हणजे लिव्हरमधल्या सफाई करणाऱ्या पेशींनी, गिळले असतील तर गोष्ट वेगळी, हेपॅटोसाइटमध्ये, म्हणजे लिव्हरच्या मुख्य पेशींत, शिरले असतील तर वेगळी. पण आधी मोज तरी!

शनिवारी उंदीर घेणार आहेस ना? प्लीहा, मूत्रपिंडं, फुप्फुसं, रक्त, लघवी, विष्ठा, सगळं ठेव. कण न टोचलेल्या उंदराचं लिव्हरही घे. ते स्वतःही थोडं चमकतं, तेवढं वजा कर. टोचलेल्या कणांपैकी सापडलेल्यांची बेरीज साठ टक्के आली तर साठच लिही. गाइड रागावतील. रागावू देत, मी बोलतो त्यांच्याशी.

आणि हो, लिव्हरचं वजन करण्याआधी पित्ताशय अलगद वेगळं काढ आणि तेही मोज. माझ्या हातून ते दर वेळी फुटायचं.

काका